एफआय गाडीचं वायरिंग बदलायचंय? ऑर्डर द्यायच्या आधी एवढं बघा

एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीचं वायरिंग मॉडेलच्या नावावर घ्यायचं नसतंय. हे पहिलंच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे सांगली-मिरजेत रोज कोणतरी काउंटरला जाऊन "अमुक गाडीचं वायरिंग द्या" म्हणतो, दुकानदार पण पिशवी काढून देतो, घरी आणून लावायला बसलं की इंजिनकडचा एक कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा प्लग) बसतच नाही, नायतर सगळे बसतात आणि गाडी चालू होत नाही. आणि परत द्यायला गेलं की पाटी आहेच, इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. म्हणून जे पहिल्यांदा या कामात पडलेत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय. टू-व्हीलर डोक्यात ठेवून लिहिलंय पण पेट्रोल कारला पण जवळपास सगळं लागू होतंय, जिथं फरक आहे तिथं सांगेन.

कार्बोरेटरच्या गाडीत वायरिंगचं काम म्हणजे लाइट, हॉर्न, सेल्फ आणि सीडीआय (स्पार्क प्लगला ठिणगी देणारा डबा). एखादा जॉइंट ढिला असला तर लाइट मंद व्हायची पण गाडी घरी पोचवायची. १ एप्रिल २०२० ला बीएस६ (भारत स्टेज सहा, धुराचे सरकारी नियम) आलं आणि नवीन टू-व्हीलर जवळपास सगळ्या एफआय झाल्या. आता ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सरकडून येणारं व्होल्टेज वाचून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. थ्रॉटल सेन्सर आणि मॅप सेन्सरला (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) तो ५ व्होल्ट देतो आणि त्यातले किती परत आले ते बघतो. ऑक्सिजन सेन्सरचा तर सगळा कारभार साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधेच चालतो. अशा ठिकाणी पिनेवरच्या गंजानं थोडं जरी व्होल्टेज खाल्लं तरी ईसीयूला खोटी माहिती जाते, आणि मग गाडी झटके खाते, आयडलला बंद पडते, ॲव्हरेज जातं आणि लोक इंजेक्टर साफ करत बसतात. त्यामुळं एफआयच्या वायरिंगला "करंट येतोय ना, झालं" हे चालत नाही.

आता पहिलं काम, वायरिंग खरंच गेलंय का ते बघा. निम्म्या वेळेला पूर्ण सेट बदलायची गरजच नसते. आमच्या भागात वायरिंग जायची कारणं ठरलेली आहेत. एक म्हणजे उंदीर. कारखान्यांचा सीझन चालू होऊन ऊसतोड लागली की फडातले उंदीर घरं शोधत फिरतात आणि अंगणात लावलेल्या गाडीत सीटखाली, एअर बॉक्सच्या मागं, कारमध्ये बॉनेटखाली येऊन बसतात. दुसरं पाणी, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलंय. आणि तिसरं म्हणजे आपणच, फॉग लाइट, प्रेशर हॉर्न, अलार्म, जीपीएस, सगळं कंपनीच्या वायरला ब्लेडनं सोलून जोडलेलं असतंय.

उंदरानं खाल्लेलं असेल तर टेप काढून नीट बघा. बऱ्याचदा सीटखालच्या वीतभर जागेतल्याच चार-पाच वायरी कुरतडलेल्या असतात, बाकी वायरिंग नव्यासारखं असतंय. तेवढा तुकडा त्याच जाडीची वायर घालून, क्रिम्प करून (पकडीनं दाबून जोडून), आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवून दुरुस्त होतोय आणि वर्षानुवर्षं चालतोय. अशा गाडीला पूर्ण सेट घालायला लावणारा माणूस भेटला तर दुसरीकडं दाखवा. पण चावलेली जागा ईसीयूच्या कपलरला अगदी चिकटून असेल, किंवा क्रँक सेन्सरची (इंजिन कसं फिरतंय ते ईसीयूला सांगणारा) जाळीवाली वायर तुटली असेल, तर जोडाजोडी नको.

पाण्यात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी आहे आणि इथं मी जरा जास्त बोलणार. पहिलं म्हणजे चावी ऑन करू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा. ओल्या कपलरमध्ये करंट गेला की गंज झपाट्यानं धरतो आणि ज्या पिनेवर कायम १२ व्होल्ट असतात तीच पिन आधी खलास होते. असा कपलर उघडून बघा, आठ पिनांमधल्या सात पिवळ्याधमक दिसतील आणि एकीवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पावडर, नखानं खरवडली तर खालून पिनच तुटून हातात येते. ती बहुतेक वेळा बॅटरीकडून थेट आलेली असते. मग एक काम करा, त्या पिनेपासून दोन इंचावर वायरीचं प्लॅस्टिक थोडं सोला. आतलं तांबं लालसर चमकत असेल तर फक्त पिन आणि कपलर बदलून भागतंय. काळं पडलं असेल तर अजून चार इंच पुढं बघा. पाणी तांब्याच्या तारांमधून आत चढत जातं, बाहेरून वायर नवी दिसते आणि आत काळा भुगा झालेला असतो. दोन-तीन ठिकाणी असं काळं निघालं की मग मात्र पूर्ण वायरिंग बदला, तिथं दुरुस्ती करण्यात अर्थ नाही, आज एक जागा केली की पुढच्या महिन्यात दुसरी उठते. आणि गाडीला फुल इन्शुरन्स असेल तर काहीही कापायच्या आधी फोटो काढा आणि सर्व्हेअरला दाखवा, पुराचं नुकसान त्यात धरलं जातं. उंदराचं धरतात का ते तुमच्या पॉलिसीत बघावं लागेल.

डोळ्यांनी काही दिसत नसेल तर मीटर लावायचा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. आधी अर्थिंग. मीटर डीसी व्होल्टवर, एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या बॉडीला कोऱ्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२-०.३ व्होल्टच्या आत दिसलं तर अर्थ ठीक आहे, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर आधी अर्थची वायर आणि तिचा बोल्ट साफ करा, अर्धी दुखणी तिथंच संपतात. नंतर स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. कारला स्टेअरिंगखाली १६ पिनचा पोर्ट असतो, टू-व्हीलरला छोटा कपलर असतो आणि त्याला अडॅप्टर केबल लागते. काही गाड्यांत चेक लाइट (डॅशवरची इंजिनची लाइट) किती वेळा लुकलुकते त्यावरून पण कोड काढता येतो. इथं एक खूण सांगतो ती लक्षात ठेवा. एकच कोड आला, समजा थ्रॉटल सेन्सरचा, तर तो सेन्सर नायतर त्याच्याच दोन-तीन वायरी. पण थ्रॉटल, मॅप, टेंपरेचर असे सगळे कोड एकदमच आले तर सगळे सेन्सर एका दिवशी मरत नसतात, त्यांची सामाईक ५ व्होल्टची किंवा सामाईक अर्थची वायर गेलेली असते. अशा वेळी लोक सेन्सरवर सेन्सर बदलतात, पैसे घालवतात, वाईट वाटतं बघून.

अजून एक. मीटरचा बीप वाजला म्हणजे वायर चांगली, असं नसतंय. वीस तारांमधली एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. म्हणून टाकीतल्या पेट्रोल पंपाच्या सप्लायसारखी जाड वायर २१ वॅटचा बल्ब लावून तपासायची, बल्ब फुल पेटला तरच वायर खरी. हा बल्ब सेन्सरच्या किंवा ईसीयूला जोडलेल्या सिग्नल वायरवर चुकूनही लावू नका, ईसीयू जाईल. त्या वायरी तपासताना ईसीयूचा कपलर काढून फक्त मीटर. आणि कपलर काढायच्या आधी बॅटरी काढलेली पाहिजे.

समजा ठरलं की बदलायचंच आहे. आता कुठलं वायरिंग ते ठरवा. टू-व्हीलरला बहुतेक एकच मेन वायरिंग असतं, हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत, इंजिनची शाखा त्यातूनच निघते. कारला तसं नाही, तिथं इंजिनचं वेगळं, बॉनेटमधलं वेगळं, डॅशबोर्डचं वेगळं, फ्लोअरचं वेगळं. पेट्रोल पंप टाकीत असल्यानं त्याची वायर फ्लोअरच्या सेटमध्ये येते, म्हणजे पंपाला करंट येत नाही म्हणून इंजिनचं वायरिंग मागवलं तर दुखणं तसंच राहणार. दुकानात जाताना "इंजिनचं वायरिंग, ईसीयूपासून इंजेक्टरपर्यंत" असं स्पष्ट सांगा.

मग गाडीची ओळख पटवा, सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. आरसी काढा. त्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष असतो, चासी नंबर असतो, आणि नव्या आरसीवर भारत स्टेज चार की सहा ते पण लिहिलेलं असतं. मॉडेलचं नाव तेच ठेवून कंपन्या आतलं सगळं बदलतात. बीएस४ ला कार्बोरेटर आणि बीएस६ ला एफआय, नाव मात्र एकच, अशी कितीतरी टू-व्हीलर आहेत. पुढं १ एप्रिल २०२३ पासून बीएस६ चा दुसरा टप्पा आला, तेव्हा परत बदल झाले. म्हणजे २०२२ ची आणि २०२३ च्या शेवटाची गाडी शेजारी उभी केली तर फरक दिसणार नाही पण वायरिंग वेगळं असू शकतं. त्यात ड्रम-डिस्क, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आहे-नाही, एलईडी हेडलाइट, ब्लूटूथवाला मीटर, सिग्नलला इंजिन बंद करणारी सिस्टीम, या प्रत्येकानं वायरिंग बदलतं. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळं तिथं एकच चॅनल (एका चाकाला) आहे की दोन (दोन्ही चाकांना) ते पण बघावं लागतंय.

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जुन्या वायरिंगवरचा पार्ट नंबर. टेपवर पांढरं कागदी स्टिकर गुंडाळलेलं असतं, बहुतेक ईसीयूजवळ नायतर बॅटरीच्या पेटीजवळ, धुळीनं काळं झालेलं. ओल्या फडक्यानं हळू पुसा, घासू नका, अक्षरं जातात. आधी मोबाइलवर फोटो काढा मग पुसा. नंबर मिळाला तर अर्धं काम झालं. नाही मिळाला तर चासी नंबर घेऊन शोरूमच्या स्पेअर काउंटरला जा, ते कॉम्प्युटरवर तुमच्याच गाडीचा पार्ट नंबर काढून देऊ शकतात. तिथून घ्या न घ्या, नंबर तरी विचारून घ्या.

तिसरी खात्री कपलरची. ईसीयूचा कपलर काढून समोरून सरळ फोटो घ्या, पिना मोजा, कुठली घरं रिकामी आहेत ते बघा, आणि प्रत्येक घरात कुठल्या रंगाची वायर जाते ते कागदावर लिहा. कंटाळवाणं काम आहे पण हेच करायचं. कपलरचा आकार जुळला म्हणजे वायरिंग जुळलं असं नसतंय, तोच कपलर कंपनी चार मॉडेलना वापरते आणि आतल्या वायरींच्या जागा वेगळ्या असतात. चुकीच्या घरात १२ व्होल्ट गेले तर ईसीयू गेला, आणि ईसीयू वायरिंगपेक्षा कितीतरी महाग. रंगावरून अंदाज बांधताना पण कंपनी बघा. होंडाच्या टू-व्हीलरमध्ये साधारणपणे हिरवी वायर म्हणजे अर्थ आणि काळी म्हणजे चावी ऑन केल्यावरचा करंट. यामाहात काळी म्हणजेच अर्थ. सुझुकीत काळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अर्थ. एका कंपनीच्या सवयीनं दुसरीची वायर जोडली की तिथंच धूर निघतो.

आता कुणाचं घ्यायचं. गाडी वॉरंटीत असेल तर विचारच करू नका, शोरूमचं, आणि वायर कापू पण नका. वॉरंटी संपली असली तरी एफआयच्या मेन वायरिंगला माझं मत कंपनीच्या मालाकडंच आहे. मदरसन, याझाकी, मिंडा, धूत ट्रान्समिशन ही नावं ऐकली असतील, गाड्यांच्या कंपन्यांना वायरिंग पुरवणारी ही मंडळी आहेत. यांचा माल बाजारात मिळाला आणि पार्ट नंबर जुळला तर खुशाल घ्या. सांगली-मिरजेत नाही मिळालं तर कोल्हापूर, नायतर पुण्यात नाना पेठ, तिथं टू-व्हीलरचा माल भरपूर आहे. सातारकरांना तर पुणे अजून जवळ.

बिननावाचं स्वस्त वायरिंग कार्बोरेटरच्या गाडीला लोक लावतात आणि चालवतात, माझा त्याला विरोध नाही. एफआयला मात्र ते घ्यायच्या आधी चार गोष्टी बघा. एक, वायरीचं टोक कापून तांबं बघा. ब्लेडनं कापल्यावर मधे पांढरं आणि वरून लाल दिसलं तर ते ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, त्याची करंट वाहायची ताकद तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच आणि पिनेजवळ ते लवकर तुटतं. उलटं असेल, वरून पांढरं आणि आत लाल, तर ते कथील चढवलेलं तांबं, ते उत्तम. दोन, कपलरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक वायरीवर छोटं रबरी सील आहे का, आणि रिकाम्या घरात बूच आहे का. इंजिनकडच्या कपलरना हे नसेल तर महाबळेश्वर-पाटणच्या पावसात तर सोडाच, सर्व्हिसिंगच्या पाण्यानंच गाडी बंद पडेल. तीन, क्रँक सेन्सरच्या वायरी. जुन्यात त्या एकमेकींना पिळलेल्या किंवा जाळीत असतील तर नव्यात पण तशाच पाहिजेत, साध्या सुट्या वायरी दिल्या असतील तर इग्निशन कॉइलचा डिस्टर्बन्स त्यात घुसतो आणि वरच्या आरपीएमला गाडी मिस मारते. चार, सायलेन्सरजवळून जाणाऱ्या भागाला उष्णता सहन करणारी स्लीव्ह. नुसत्या चिकटपट्टीचा गोंद उन्हाळ्यात वितळून हाताला लागतो.

भंगारातलं जुनं वायरिंग वाईटच असतं असं नाही. अपघातात पुढून ठोकलेल्या गाडीचं मागचं वायरिंग चांगलं निघतं, कुर्ल्याच्या बाजारात किंवा आपल्याकडच्या भंगारवाल्याकडं शोधलं तर मिळतं पण. पण पुरात बुडालेल्या गाड्या पण शेवटी तिथंच गेल्यात. म्हणून कपलरच्या आत गाळ साचलाय का बघा, रबराच्या मागं बारीक चिखलाची रेघ राहिलेली असते, आणि वर सांगितलं तसं एका वायरीचं तोंड सोलून तांबं काळं आहे का बघा. दुकानदार सोलू देत नसेल तर सोडून द्या. भंगारातून वायरिंग आणताना त्याच गाडीचे फ्यूज बॉक्स आणि रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पण बरोबर मागा, बऱ्याचदा ते त्याच किमतीत देतात. ईसीयू मात्र आपलाच ठेवा. इमोबिलायझरवाल्या कारमध्ये चावी आणि ईसीयू एकमेकांना जोडलेले असतात, दुसरा ईसीयू टाकला तर इंजिन चालूच होत नाही.

जुन्या जीपला एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेलं) इंजिन बसवणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथं तयार सेट मिळत नाही, ज्या गाडीचं इंजिन त्याच गाडीचं इंजिन वायरिंग, ईसीयू, सेन्सर आणि पंपाचा रिले असा पूर्ण संच एकाच ठिकाणाहून उचला, आणि आरटीओत आरसीवर बदलाची नोंद करून घ्या.

वायरिंग घरी आलं की लगेच लावायला घेऊ नका. जुनं काढायच्या आधी प्रत्येक क्लिप, प्रत्येक वळण, कुठल्या पाइपच्या आतून गेलंय, सगळ्याचे फोटो काढा. मग जुनं-नवं शेजारी शेजारी फरशीवर आंथरा आणि शाखा कुठून फुटतात, किती लांब आहेत, कपलर किती, हे सगळं जुळवून बघा. दोन बोटं आखूड शाखा गाडीवर ताणली जाते आणि सहा महिन्यांत कपलरच्या मुळाशी तुटते. फरक दिसला तर टेपला हात न लावता पिशवीत भरून परत न्या, तेवढ्यासाठी खरेदी करतानाच दुकानदाराशी बोलून ठेवा की जुळलं नाही तर बदलून देणार का, आणि बिलावर लिहून घ्या.

लावताना हँडल पूर्ण डावीकडं आणि पूर्ण उजवीकडं फिरवून बघा, मानेजवळ वायरिंग ताणलं जाता कामा नये. अर्थचे बोल्ट जिथं बसतात तिथला रंग पॉलिश पेपरनं खरवडा, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. फ्यूज जेवढ्या अँपिअरचा होता तेवढाच.

पहिल्यांदा करंट देताना एक युक्ती करा. मेन फ्यूज काढा आणि त्याच्या जागी १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. चावी बंद असताना बल्ब पेटला तर कुठंतरी शॉर्ट आहे, पण बल्ब मधे असल्यानं वायर जळत नाही, शांतपणे शोधा. बल्ब पेटला नाही तर बल्ब काढून फ्यूज बसवा, चावी ऑन करा. पंपाचा दोन-तीन सेकंद बारीक आवाज आला पाहिजे, चेक लाइट लागली पाहिजे. मग सेल्फ. इंजिन चालू झाल्यावर चेक लाइट विझली पाहिजे. इंजिन चालू असतानाच वायरिंग ठिकठिकाणी हातानं हलवून बघा, कुठं आयडल डळमळलं तर तो कपलर परत काढून नीट बसवा.

आणि नव्या वायरिंगला परत सोलून फॉग लाइट जोडू नका ही विनंती आहे. बॅटरीवरून वेगळी वायर, वेगळा फ्यूज, मधे रिले. उंदरासाठी लोक तंबाखूची पुडी बॉनेटमध्ये टांगतात, वास असेपर्यंत ती चालते, मग बदलावी लागते. ऊसतोडीच्या दिवसात गाडी रोज थोडी हलवली आणि आठवड्याला सीट उचलून बघितलं तर त्यांना बस्तान मांडायला वेळ मिळत नाही.

जुनं वायरिंग भंगारात घालू नका. त्यातले चांगले कपलर चार-चार इंच वायरीसकट कापून डब्यात ठेवा, वर चिठ्ठी लावा कुठल्या सेन्सरचा ते. सुटा कपलर बाजारात सहज मिळत नाही, आणि पुढच्या वेळी एकच पिन गेली तर तोच डबा उघडायचा.